काकाचा फौजी कागद

आमच्या घाटकोपरच्या चाळीत शेवटच्या खोलीत पेडणेकर हवालदार राहत. हवालदार म्हटलं की लोकांना बंदूक आठवते, पण यांनी ती क्वचितच धरली असावी. ते फौजेत कारकून होते. लढाई संपली, ते घरी आले, बायको वारली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पडला, एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं. त्यांच्याकडे माणसं कागद घेऊन येत. विक्रोळीहून येत, जोगेश्वरीहून येत, एकदा ट्रॉम्बेच्या बाजूची एक म्हातारी पोराच्या खांद्याला धरून चालत आली होती. बहुतेक सगळे आमच्यासारखे कोकणातले. त्या वेळी कोकणात घराआड घरातून कुणी ना कुणी लढाईवर गेलेलं असे, आणि त्याच्या नावाचा एक इंग्रजी कागद ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेला असे. तो कागद इंग्रजी शिकलेल्यालाही वाचता येत नसे. त्यात धड शब्द नसतच. शब्दाची मोजकी अक्षरं ठेवायची आणि बाकीचा छाटून टाकायचा, अशी फौजेतल्या कारकुनांची रीत. हवालदार त्यांना तुटके शब्द म्हणत. म्हणत, कारकुनाच्या दारात हजार माणसं उभी असली की तो अक्षरं खातो, त्याला दुसरं करायचं काय.

मला चौथीनंतर घरी बसवलं होतं. आईच्या कडेवर धाकटा होता आणि घरात काम होतं. त्याचं मला फार वाईट वाटलं असं नाही, चाळीतली एकही मुलगी पाचवीत गेलेली नव्हती. सकाळी हवालदारांना पेज नेऊन देणं हे माझं काम. उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याची कातळी नाहीतर भाजलेला सुका बांगडा. एके दिवशी ते एक कागद नाकाला लावून बसले होते आणि भिंगाने सुद्धा त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, ह्या ओळीत पहिलं अक्षर कसं दिसतं? मी म्हटलं, तंबूसारखं, मधे आडवी काठी. ते हसले. म्हणाले, तो ए. तिथून सुरुवात झाली. महिन्याभरात मला सगळी अक्षरं आली. इंग्रजी आलं नाही, ते आजही येत नाही, बँकेत मी मराठीतच सही करते. पण अक्षरं मात्र मी अजून रस्त्यावरच्या पाट्यांवरून वाचत जाते आणि सून म्हणते, आई, पुरे.

मी अक्षर अक्षर वाचायचं, ते अर्थ सांगायचे आणि तो मी वहीत मराठीत लिहायचा. त्यांची एक जाड वही होती, तिच्यात हे तुटके शब्द ओळीने लावलेले होते. टी-ओ-एस म्हणजे पलटणीच्या पटावर घेतला. ई-एम-बी म्हणजे बोटीवर चढला. काही शब्द त्यांनाही यायचे नाहीत, कारण प्रत्येक खात्याचा कारकून आपल्या मनाने छाटायचा. तेव्हा ते घाई करत नसत. त्यांची एक पद्धत होती, ती मला त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितली. एकट्या कागदावरून अर्थ लावायचा नाही. ज्या माणसाचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, त्याचा कागद आधी काढायचा, तीच अक्षरं त्यात शोधायची आणि मग त्या माणसाकडे बघायचं. पाय गेलेला असेल तर पायाचा शब्द सापडेल. म्हणून आलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल आम्ही करून ठेवत होतो आणि नकलेखाली तो माणूस आता कुठे आहे, काय करतो, तेही लिहीत होतो.

ही पद्धत नसेल तर काय होतं, तेही मी पाहिलं. भटवाडीतली एक बाई रडत आली. तिच्या नवऱ्याच्या कागदावर एस-ओ-एस असं होतं आणि कुणा शहाण्याने तिला सांगितलं होतं की ह्याचा अर्थ नाव कापलं, म्हणजे माणूस संपला. तिने बांगड्या फोडायच्याच बाकी ठेवल्या होत्या. हवालदारांनी तिला पाणी दिलं आणि सांगितलं की नाव एका पलटणीच्या पटावरून कापलं, कारण त्याला दुसरीकडे पाठवला, खालच्याच ओळीत त्याला तिकडच्या पटावर घेतलाय. त्या शहाण्याला ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. नवरा गोव्याच्या बाजूला कुठे ड्रायव्हर होता, चार महिन्यांनी आला.

आता आमच्या घराचं. दोन खोल्या, त्यात आम्ही सहा माणसं: बाबा, आई, मी, दोन लहान भाऊ आणि काकी. पहाटे नळाची खडखड, मग काकीचं भाकरी थापणं, मग विक्रोळीच्या कारखान्याचा भोंगा, त्याच्या आधी बाबा सायकल घेऊन निघालेले असत. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. काकाचं नाव बाळकृष्ण, बाबा त्याला बाळग्या म्हणत. लग्नानंतर आठ महिन्यांनी तो फौजेत मोटार चालवायला गेला. ब्रह्मदेशातून त्याची पत्रं आली, मग थांबली. मी त्याला पाहिल्याचं मला आठवत नाही. काकी मात्र रोज आंघोळ करून आरशापुढे उभी राहायची आणि रुपयाएवढं कुंकू लावायची. दर वटपौर्णिमेला दोरा गुंडाळायची. ती तिशीची असेल, पण चाळीतल्या बायका तिच्याशी बोलताना आजारी माणसाशी बोलावं तसा आवाज करत आणि तिला ते आवडत नसे.

काकीचे हात बाळंतिणीपाशी चांगले चालत. चाळीत कुणाचे दिवस भरले की तिला हाक येई. जवळच्या प्रसूतिगृहात आयाची जागा होती, तिथल्या नर्सने तिला दोनदा विचारलंही होतं. बाबांचं उत्तर एकच, बाळग्या आला की त्याला विचारू. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटायचं की भावाची बायको आपल्याकडे ठेव आहे आणि ठेवीला हात लावायचा नसतो. माहेरी चार महिने राहू का, तर बाळग्या आला की विचारू. ती नवं लुगडं घ्यायलाही कचरायची. बारा वर्षं तिने एका न बोलणाऱ्या माणसाच्या परवानगीची वाट पाहिली.

बारा हा आकडा मी उगाच लिहीत नाही. आमच्यात परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात आणि मग पालाशविधी करतात. पळसाच्या पानांच्या देठांचा माणूस मांडायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तो मेला असं धरतात, त्याचं श्राद्ध सुरू होतं आणि त्याची बायको विधवा होते. गावाहून भाऊबंदांची पत्रं येऊ लागली की बाळग्याचं करून टाका, पितर अडकलेत. बाबांचं मन होईना. त्यांनी ठरवलं, आधी फौजेला विचारायचं. पूर्वी दोनदा विचारून झालं होतं, पण काकाचा फौजेतला नंबर चुकीचा दिल्याने काही हाती लागलं नव्हतं. या खेपेला तो काकीच्या ट्रंकेतल्या एका पत्राच्या कोपऱ्यावर सापडला. इतकी वर्षं तो तिथेच होता. काकीला कुणी विचारलं नव्हतं.

पाच महिन्यांनी लांब खाकी पाकीट आलं. बाबांनी ते देवापुढे ठेवलं, मग अंगात सदरा चढवला आणि मला घेऊन हवालदारांकडे गेले. मी स्टुलावर बसून वाचू लागले. पटावर घेतला. मोटार खातं. ई-एम-बी, कलकत्ता. हवालदार प्रत्येक ओळीला अर्थ सांगत होते आणि बाबा मान हलवत होते, जणू भाऊ समोर चालत होता. मग इस्पितळ, हिवताप. इस्पितळातून परत पलटणीत. मग रंगून. मग मी पुढची ओळ वाचली, डी-आय-एस-ई-एम-बी, मद्रास. हवालदार म्हणाले, पुढे वाच. मी शेवटची ओळ वाचली. आर-ई-एल आणि पुढे एका डेपोचं नाव.

हवालदारांनी भिंग उचललं, पुसलं, खाली ठेवलं. मग बाबांना म्हणाले की रंगूनपर्यंतचं स्पष्ट आहे, पुढच्या ओळी कचेरीच्या आपसातल्या आहेत, त्यात माणसाचं काही नाही. रंगूनच्या पुढे बाळकृष्णाची खबर नाही. बाबांनी दोन्ही हात जोडले, कागदाला जोडले की हवालदारांना, ते कळलं नाही. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, भटजींना निरोप पाठव.

मी गप्प बसले, कारण मोठी माणसं बोलत होती. पण आर-ई-एल मी त्या वहीच्या नकलांमधून निदान दहा वेळा लिहिलं होतं. मोकळा केला, घरी पाठवला. बाबांच्या कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या कागदावर ते होतं. नाक्यावरच्या शिंप्याच्या कागदावर होतं. खुद्द हवालदारांच्या कागदावर होतं. ही सगळी माणसं जेवत होती, विडी ओढत होती. आणि मद्रासला बोटीतून उतरलेला माणूस रंगूनला कसा मेलेला असेल?

दुसऱ्या दिवशी पेज घेऊन गेले तेव्हा मी सरळ विचारलं. ते आधी म्हणाले, तुला काय कळतं. मी म्हटलं, आर-ई-एल कळतं, तुम्हीच शिकवलंत. मग त्यांनी पेजेचं भांडं बाजूला सारलं.

"मेलेल्याची बायको लोक सांभाळतात, पोरी. टाकलेलीला हसतात. तुझ्या बापाने ते ऐकलं असतं तर तो मान वर करून चाळीतून चालला असता का?"

मी म्हटलं, पण ते खोटं आहे. ते म्हणाले, "खोटंच आहे. नोकरीभर एक अक्षर मी बदललं नाही. हे एकच." आणि मला वही बंद करायला सांगितली. त्या दिवशी आम्ही काही वाचलं नाही. मला त्यांचा राग आला होता. आज मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि राग उरलेला नाही, पण त्यांनी बाबांच्या मानेचा विचार केला आणि काकीला विचारलं नाही, हे मला तेव्हाही खटकलं होतं आणि आजही खटकतं.

विधीच्या आदल्या दिवशी दुपारी आई धाकट्याला घेऊन दवाखान्यात गेली होती. काकी सूप घेऊन काळे वाटाणे निवडत बसली होती. मी बाबांच्या पेटीतून कागद काढला आणि तिच्यासमोर बसले. काय वाटलं म्हणून तसं केलं ते मला सांगता येणार नाही. बहुधा तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता म्हणून. घरात आम्ही मालवणीच बोलायचो. सगळं तसं लिहिलं तर माझ्या नातवंडांना कळणार नाही, पण काकीचं बोलणं मला दुसऱ्या बोलीत लिहिता येत नाही.

मी तिला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या आणि अर्थ सांगितला. ती निवडायची थांबली नाही. तिने विचारलं, ही अक्षरं आणखी कुणाच्या कागदावर आहेत. मी नावं सांगितली. तिने प्रत्येक नावाला मान हलवली, तिला ती माणसं ठाऊक होती. मग विचारलं, इस्पितळात डोक्याचं काही झालं होतं असं लिहिलंय का, म्हणजे भ्रम वगैरे. मी पुन्हा पाहिलं. म्हटलं, नाही, हिवताप, आणि बरा होऊन परत गेला. तिने सुपातला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला.

"म्हणजे तो पायांनी चलत गेलो," ती म्हणाली. "खंय जावचा तां त्याका ठावक होता."

मला वाटलं ती आता उठेल, बाबांना सांगेल, विधी थांबेल. मी म्हटलं, काकी, उद्याचं कसं करायचं, जिवंत माणसाला जाळतात का?

"ज्याची मी वाट बघी होतंय तो येवचो नाय, शालू. त्याकाच जाळतले." मग तिने माझ्या हातातला कागद घेतला, घड्या जशा होत्या तशाच घातल्या आणि परत दिला. "ठेव जाग्यार. भावोजींका बोला नको. तेंचो भाव मेलो, तां तेंका सोसात. दुसरा सोसाचा नाय."

काका का आला नाही, ते मला कधीच कळलं नाही. त्याने तिकडे काय पाहिलं असेल, किंवा मद्रासला कुणी भेटलं असेल, किंवा नुसतं परतायचं धैर्य झालं नसेल. दिवसाला दिवस लागत गेला की मग येता येत नाही. मी त्याला शिव्या देत नाही. पण काकीने त्या दुपारी त्याच्यासाठी एकही सबब शोधली नाही, आणि मीही शोधणार नाही.

दुसऱ्या दिवशी भटजींनी ओटीवर दर्भ पसरून देठ मोजून मांडले. हात, पाय, छाती. नारळ ठेवला तेव्हा तो माणूसच दिसू लागला आणि माझा मधला भाऊ घाबरून आत पळाला. बाबा त्या देठांच्या पायाशी बसले आणि रडले. मी बाबांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते हुंदके देत नव्हते, नुसतं तोंड उघडं होतं आणि पाणी वाहत होतं. मला सगळं ठाऊक होतं आणि तरी माझंही पाणी थांबेना. पुरुष खाडीकडच्या स्मशानात गेले. घरात शेजारची एक विधवा बाई काकीच्या बांगड्या फोडायला पुढे आली. काकी म्हणाली, नको. तिने स्वतःच त्या एक एक करून उतरवल्या, ताटलीत ठेवल्या, आणि पदराने कपाळ पुसलं. बायका रडायला सुरुवात करायच्या आत तिचं झालंही होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा मुंडण केलेल्या डोक्यावर टॉवेल घेऊन बसले होते. त्यांनी पेटी उघडली आणि कागद मला दिला. म्हणाले, वाच पुन्हा, ऐकू दे. काकी चुलीपाशी होती. मी वाचलं. पटावर घेतला, बोटीवर चढला, कलकत्ता, इस्पितळ, हिवताप, बरा झाला. बाबा डोळे मिटून ऐकत होते. रंगून, मी म्हटलं. आणि थांबले. बाबांनी विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. हवालदारांवर मी चार दिवस रागावले होते, आणि मला तेच करायला एक क्षण लागला नाही. बाबा आणखी वीस वर्षं जगले. मी त्यांना सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी जेवण होतं. भटजींनी सगळं थोडक्यात आटपायला परवानगी दिली होती. बाबांनी मला सांगितलं की हवालदारांना हाताला धरून घेऊन ये, त्यांच्यामुळे हे झालं. ते यायला तयार नव्हते. मी म्हटलं, बाबा बोलावताहेत, नाही आलात तर का नाही आलात ते मला सांगावं लागेल. मग आले. बाबांनी त्यांना आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. वडे होते, काळ्या वाटाण्याची उसळ, तांदळाची खीर. नवी विधवा कोपऱ्यातून उठत नाही, पाहुण्यांना वाढणं तर दूरच. काकी उठली. तिने आईच्या हातातलं वड्यांचं ताट घेतलं आणि पंगतीत आली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आईने तिला डोळ्यांनी खुणावलं. तिने कुणाकडे पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात ती त्या प्रसूतिगृहात जाऊ लागली आणि एकवीस वर्षं गेली. बाबा एकदाच म्हणाले, आता मी कोण नाही म्हणणार.

हवालदारांच्या पानाशी ती वाकली. त्यांना माणूस दिसायचा, तोंड दिसायचं नाही. त्यांनी विचारलं, कोण वाढतंय? ती म्हणाली, मी. त्यांचा हात पानावर तसाच राहिला. मी खिरीचं भांडं घेऊन मागेच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं, बाकी कुणाला आलं नसेल.

"हवालदारानु, शालूने माका सगळा वाचून दाखवलान. तुम्ही भावोजींका जां वाचून दाखवलात तां बरां केलात. पोटभर जेवा."

त्यांनी मान वर केली नाही. पान चाचपलं, वडा मोडला आणि खाऊ लागले. बाबा त्यांच्याकडे वळून म्हणाले, आमच्या बाळग्याला हे वडे फार आवडायचे, एका बैठकीला आठ खायचा. हवालदार म्हणाले, असं का. काकीने बाबांच्या पानात आणखी एक वडा टाकला आणि पुढे गेली.